दवण्याची पुरचुंडी: पुराच्या भीतीवर सुगंधाचा आधार, जून ते डिसेंबर २०२४ च्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

घरात महापुराचा धसका घेतलेले माणूस आहे आणि त्याच्यासाठी सुगंधाचा काही उपयोग होतो का, हे ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी या नोंदी आजपासून लिहीत आहे. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. वय ६७, गाव कोल्हापूरजवळचे प्रयाग चिखली, जन्म शेतीत आणि म्हशींत गेलेला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा आई आणि आबा माडीवर अडकले होते. पाणी गोठ्यात शिरल्यावर आबांनी रात्री छातीभर पाण्यात उतरून तीनपैकी दोन म्हशींची दावी सोडली. तिसरीच्या दाव्याची गाठ भिजून आवळली होती आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. जुलै २०२१ मध्ये नदी ५६ फुटांवर गेली, पुन्हा घर सोडावे लागले. २०२२ पासून ते दोघे आमच्याकडे कोल्हापुरात राजारामपुरीत राहतात. येथे पुराचे पाणी येत नाही आणि ते आबांना पक्के ठाऊक आहे. तरीही पत्र्यावर पाऊस वाजू लागला की ते उठून बसतात, रात्री तीनतीनदा उंबऱ्याशी जाऊन हाताने फरशी चाचपतात, आणि डिझेलचा वास आला की त्यांचे हातपाय गार पडतात. पुरात त्यांना बाहेर काढणाऱ्या बोटीत तोच वास होता.

फेब्रुवारीत मनोविकारतज्ज्ञांनी पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, असे निदान केले. सर्ट्रालीन ही गोळी सुरू आहे आणि आठवड्यातून एकदा समुपदेशन होते. सुगंधोपचाराविषयी मी विचारले तेव्हा डॉक्टरांनी तीन अटी घातल्या. गोळ्या आणि समुपदेशन यांपैकी काहीही थांबवायचे नाही. कोणतेही तेल पोटात घ्यायचे नाही. आणि प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवायची. सुगंधाने पीटीएसडी बरा होतो असे मानू नका, पण वासाचा धागा मेंदूतल्या भीतीच्या आणि आठवणींच्या भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोहोचतो, म्हणून जो वास भीती जागवतो त्याच्या जागी दुसरा वास उभा करता येतो का हे पाहायला हरकत नाही, एवढेच ते म्हणाले.

९ जून, रविवार

पाऊस दाराशी आला आहे, त्यामुळे घाईघाईने खरेदी केली, आणि ती घाई नडली. विजेवर चालणारा, पाण्याची वाफ उडवणारा डिफ्यूझर १४५० रुपयांना आणि महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून लव्हेंडरच्या तेलाची बाटली २२० रुपयांना घेतली. जिथे पाहावे तिथे लव्हेंडरचेच नाव होते, म्हणून आबांना न विचारताच ते घरी आणले. संध्याकाळी त्यांच्या खोलीत दहा थेंब टाकून, खिडक्या लावून यंत्र रात्रभर चालू ठेवले.

१४ जून, शुक्रवार

डिफ्यूझर बंद केला. पहिल्या रात्रीनंतर आईचे डोके दुखू लागले. थेंब दहाऐवजी तीन केल्यावर आणि वेळ रात्रभराऐवजी वीस मिनिटे केल्यावर ते थांबले. पण आबांची अडचण निराळीच निघाली. यंत्रातून निघणारी गार वाफ चादरीवर आणि भिंतीवर बसते, आणि पावसाळ्यात आधीच ओलावलेली खोली त्यामुळे अधिकच दमट होते. काल पहाटे ते उठले, त्यांनी भिंतीला हात लावला आणि मला हाक मारून म्हणाले, "पोरी, भिताड वलं झालंय. पाणी कुठवर आलंय बघ." ज्या ओलीची त्यांना धास्ती, तीच मी पैसे मोजून त्यांच्या उशाशी आणून ठेवली होती. शिवाय मुसळधार पावसात आमच्या गल्लीतली वीज जाते, म्हणजे ज्या वेळी यंत्राची गरज लागणार नेमक्या त्याच वेळी ते बंद पडणार. पुराची धास्ती असलेल्या घरात वाफेचे यंत्र आणू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

१६ जून, रविवार

लव्हेंडरच्या बाटलीविषयी शंका आली म्हणून कोऱ्या पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून तो पंख्यापासून दूर ठेवला. शुद्ध लव्हेंडर तेल काही तासांत उडून जाते आणि मागे तेलकट डाग जवळजवळ राहत नाही. माझ्या कागदावर दुसऱ्या दिवशीही वडा ठेवल्यासारखा पारदर्शक डाग होता. लेबल नीट वाचल्यावर लक्षात आले की त्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव नाही, बॅच क्रमांक नाही, नुसते 'फ्रेग्रन्स ऑइल' असे लिहिलेले आहे. म्हणजे ते अत्तराच्या जातीचे, साध्या तेलात मिसळलेले द्रव्य होते. दुसरी बाटली लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया हे नाव पाहूनच घेतली; १० मि.ली. ला ५४० रुपये पडले. मात्र कागदाच्या परीक्षेवर सर्वस्वी विसंबू नये, कारण वाळा आणि चंदन यांची शुद्ध तेलेही जड असतात आणि डाग ठेवतात.

नोंदी ठेवण्याचा प्रश्नही आज सुटला. समुपदेशक ताईंनी अस्वस्थता शून्य ते दहा अशी मोजायला सांगितली होती, पण आबा रोज "पाच" म्हणत आणि विषय संपवत. आज दुपारी पाऊस वाढल्यावर मी विचारले तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "एकोणचाळीसला टेकलंय बघ." राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे चिखलीत लहान पोरालाही पाठ असते. नदीचेच माप भीतीला लावावे का, या विचाराने मी घाबरले आणि ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या की माप त्यांनी स्वतः निवडले आहे, तर तेच ठेवा. यापुढील सर्व आकडे या मापातले आहेत. तीसच्या खाली म्हणजे निवांत, ४३ च्या वर म्हणजे खोलीत थांबवत नाही.

२९ जून, शनिवार

या नोंदीत लिहिण्यासारखी सर्वांत मोठी चूक घडली आणि तिच्यात बारा दिवस गेले. मी लव्हेंडरचे दोन थेंब रुमालावर टाकून, आबा घाबरले की तो रुमाल त्यांच्या नाकाशी धरत होते. पहिल्या तीन वेळा थोडा फरक वाटला; एकदा आकडा ४२ वरून ४० वर आला. नंतर तो उतरेनासा झाला. काल तर पाऊस नव्हता, आबा शांतपणे चहा घेत होते आणि मी रुमाल धुण्यासाठी बाहेर काढला, तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "ती बाटली काढलीस की वाटतं, आता कायतरी हुणार."

ताईंना सांगितल्यावर कारण समजले. तो वास त्यांनी केवळ भीतीच्या वेळीच घेतला होता, म्हणून तो भीतीशीच जोडला गेला. वास आधी निवांत वेळी, रोज, कित्येक दिवस घ्यायचा असतो. शांतपणाशी त्याची गाठ पक्की बसली की मगच तो अडचणीच्या वेळी हाती घ्यायचा. लव्हेंडर वाईट आहे असे नाही, चिंता कमी होण्याच्या संदर्भात त्याचा अभ्यासही झालेला आहे, पण आमच्या घरापुरते ते मी वाया घालवले. बाटली शेजारच्या वहिनींना देऊन टाकली, कारण तो वास घरात राहणेही नको होते.

३ जुलै, बुधवार

यावेळी आधी नको असलेल्या वासांची यादी केली. आबा, आई आणि मी बसून पुराच्या आणि पुरानंतरच्या आठवड्यांतले वास आठवले. आईने पुष्कळ भर घातली. डिझेल, कुजलेली वैरण, पाण्याखाली राहून सडलेला ऊस, ब्लिचिंग पावडर, फिनेल, घरात साचलेला गाळ, भिजलेली गोधडी. यादी करताना आबांचा आकडा ४१ वर गेला, म्हणून अर्ध्यावर थांबून उरलेली यादी आईने दुसऱ्या खोलीत बसून सांगितली. हे काम एकट्या रुग्णाबरोबर करू नये आणि समुपदेशकांना आधी कल्पना द्यावी.

यादीचा उपयोग ताबडतोब दिसला. डासांसाठी म्हणून आणलेले सिट्रोनेलाचे १५० रुपयांचे तेल उघडताच आबांनी तोंड फिरवले, कारण त्याचा लिंबाळ वास फिनेलच्या फार जवळ जातो. पूर ओसरल्यावर महिनाभर सगळे गाव त्याच वासाने भरले होते. वाळ्याचे ५ मि.ली. तेल ४८० रुपयांना मोठ्या आशेने आणले होते, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात माठात वाळा टाकण्याची रीत आहे आणि वाळा शांत करतो असे सगळेच म्हणतात. पण वाळा म्हणजे मूळ, आणि त्याच्या तेलाला ओल्या मातीचा दाट वास येतो. आबा एकच शब्द बोलले, "गाळ." बाटली बंद केली. इतरांना जे शीतल वाटते तेच पूरग्रस्ताला गाळासारखे वाटू शकते, हे मला आधी सुचायला हवे होते.

कापूर जाळण्याची सूचनाही नातेवाइकांकडून आली. घरात माझा दोन वर्षांचा मुलगा आहे आणि लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून तो प्रयोग केलाच नाही. सर्व तेले कुलपाच्या कपाटात ठेवली आहेत.

७ जुलै, रविवार

चिखलीहून आत्या आली होती. तिने बोलता बोलता आबांना विचारले की तुला चांगला वाटणारा वास कोणता ते सांग. हा साधा प्रश्न मी महिनाभर विचारला नव्हता. आबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "दवणा."

जोतिबाच्या चैत्र यात्रेत देवाला दवणा ही सुगंधी वनस्पती वाहतात. आबा पोरवयापासून चिखलीहून चालत डोंगरावर जात. सासनकाठ्या, गुलाल आणि हातात दवण्याची जुडी. ते पुढे जे म्हणाले ते मी शब्दशः लिहून ठेवले आहे: "डोंगरावर पाणी येत न्हाई." आत्याने या चैत्रात, म्हणजे एप्रिलमध्ये, आणलेला दवणा घरी ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत घालून ठेवला होता. तिने तो भाच्याच्या हाती संध्याकाळीच पाठवून दिला. करड्या-हिरव्या, बोटाने चुरगळतील अशा वाळलेल्या काड्या. चुरगळल्यावर गोडसर, किंचित कडवट आणि थोडा फळासारखा वास. आबांनी ओंजळीत धरून तो हुंगला आणि डोळे मिटले. मी आकडा विचारला नाही.

१४ जुलै, रविवार

रोजचा नेम ठरला. रात्रीच्या जेवणानंतर साडेआठ वाजता, टीव्ही बंद करून, आबा आरामखुर्चीत बसतात आणि दहा मिनिटे दवणा जवळ धरतात. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पाय जमिनीवर टेकलेले. त्या वेळी ते हवे तर जोतिबाच्या वाटेविषयी बोलतात, नाहीतर काहीच बोलत नाहीत. घाबरल्यावर दवणा अजून द्यायचा नाही, हा नियम मी भिंतीवर लिहून लावला आहे, कारण पहिल्याच आठवड्यात आईने प्रेमापोटी तो दोनदा मोडायचा प्रयत्न केला.

या आठवड्यातल्या तीन चुका. दवण्याचे २ मि.ली. तेल ५९० रुपयांना मागवले. ते शुद्ध असूनही आबांना "ह्यो जोतिबाचा न्हवं" असे वाटले. तेल वाळलेल्या पाल्यापेक्षा बरेच गोड आणि दाट असते, आणि एका थेंबातच खोली भरते. मग पाल्यावर थेंबाऐवजी काडीचे टोक तेलात बुडवून नुसते टेकवले, तेव्हा वास जुळला.

दुसरी चूक त्याहून वाईट होती. दवणा मी मलमलच्या फडक्यात घालून वर सुतळीने बांधला होता. पावसाच्या हवेने सुतळी ओलसर झाली. आबांनी पुरचुंडी हातात घेतली, त्यांची बोटे गाठीवर गेली, आणि त्यांनी ती विंचू चावल्यासारखी खाली टाकली. ओल्या दाव्याचा वास आणि ओल्या गाठीचा स्पर्श. आकडा ४४. त्या रात्री ते झोपले नाहीत, आणि मीही नाही. सकाळी सुतळी घराबाहेर टाकली आणि नव्या फडक्याची पुरचुंडी गाठ न मारता शिवून घेतली, लाल सुती दोऱ्याने. वास निवडताना तो कशात भरायचा, कशाने बांधायचा आणि हाताला कसा लागेल, याचाही विचार करावा लागतो.

तिसरी चूक म्हणजे बुरशी. सातव्या दिवशी पुरचुंडीतून कुबट वास येऊ लागला. उसवून पाहिले तर काड्यांवर पांढरे तंतू होते. तो दवणा फेकून दिला. आता उरलेला साठा गडद काचेच्या, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत आहे. १६० रुपयांना चार मिळाल्या. प्रत्येकीत तव्यावर भाजून गार केलेले चमचाभर तांदूळ फडक्यात बांधून टाकले आहेत. पुरचुंडीत एका वेळी चिमूटभरच दवणा भरायचा आणि दर चार दिवसांनी बदलायचा.

२१ जुलै, रविवार

खिशात ठेवण्यासाठी रिकाम्या इन्हेलर नळ्या मागवल्या, दहा नळ्यांना २५० रुपये. आतल्या कापसाच्या वातीवर दवणा तेलाचे दोन थेंब खोबरेल तेलाच्या चार थेंबांत मिसळून टाकले, त्यामुळे वास सौम्य राहतो. नळीवर तारीख लिहिली. सर्दीच्या औषधाची जुनी नळी धुऊन वापरण्याचा प्रयत्न फसला, कारण मेंथॉलचा वास जात नाही.

मनगटाला लावण्यासाठीही तेल केले. येथे मी एक आगाऊपणा केला होता. आधी स्वतःच्या मनगटावर निव्वळ तेलाचा एक थेंब लावून पाहिला आणि दोन दिवस लाल चट्टा राहिला. सुगंधी तेल कधीही निव्वळ लावू नये. साधारण २० थेंब म्हणजे १ मि.ली., या हिशेबाने ३० मि.ली. खोबरेलात सहा थेंब म्हणजे एक टक्का होतो आणि वयस्क, पातळ झालेल्या त्वचेला तेवढे पुरते. कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास वाट पाहिली. आबांना काही झाले नाही.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली आहे, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले आहेत आणि चिखली, आंबेवाडीतल्या लोकांना हलवणे सुरू आहे. आत्या आणि भाऊबंद काल रात्री आमच्याकडे आले. टीव्ही लावायचा नाही, पातळीचे आकडे आबांसमोर मोठ्याने वाचायचे नाहीत, असे सर्वांना सांगितले होते. पण पाहुण्यांच्या फोनवर दर पाच मिनिटांनी कोणीतरी तेच विचारत होते आणि ते थांबवणे माझ्या हातात नव्हते.

दवण्याचा नेम सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते. रात्री सव्वादोनला आबा उठले, दाराची कडी काढली आणि जिन्यापाशी गेले. आकडा त्यांनी सांगितला नाही, पण हात थरथरत होते आणि ते "दावं, दावं" म्हणत होते. मी त्यांना धरले नाही, कारण एकदा धरल्यावर त्यांनी मला ढकलले होते. पुढे उभी राहून नळी त्यांच्या हातात दिली आणि वर्ष, वार, आणि आपण राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आहोत, हे हळू सांगितले. त्यांनी नळी नाकाशी धरली, दोन श्वास घेतले आणि काढून टाकली. मग खोलीत येऊन आरामखुर्चीत बसल्यावर पुरचुंडी मागितली. पायाखाली कोरडी फरशी आहे ना, म्हणून मी विचारले. त्यांनी पाय घासून पाहिले. "कोरडी हाय." दहा मिनिटांनी आकडा ४५ सांगितला, पंचवीस मिनिटांनी ४१. चारला ३९. त्यानंतर पुढे उतरला नाही आणि ते उजाडेपर्यंत जागेच राहिले.

नळीपेक्षा पुरचुंडी उपयोगी पडली, कारण रोजचा सराव खुर्चीत बसून पुरचुंडीने झाला होता, नळीने नाही. गेल्या दोन पावसाळ्यांत अशा रात्री ते रस्त्यावर निघून जात असत आणि आम्हाला शोधत जावे लागे. काल ते जिन्यावरून परत फिरले. सकाळी डॉक्टरांना फोन करून सगळे कळवले. त्यांनी झोपेच्या औषधात तात्पुरता बदल केला. त्या बदलाशिवाय नुसत्या दवण्यावर आजची रात्र निघणार नाही, हे मला येथे स्पष्ट लिहायचे आहे. ज्यांच्या घरी डॉक्टर गाठण्याची सोय नाही त्यांनी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवावा. तो शासनाचा आहे, मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

४ ऑगस्ट, रविवार

पाणी ओसरले. समुपदेशक ताईंनी आता २०१९ च्या पुरातल्या त्या रात्रीची हकिकत आबांकडून टप्प्याटप्प्याने सांगून घ्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या बैठकीत मी खिशातून पुरचुंडी काढून दिली, तर ताईंनी मला थांबवले. आठवण सांगताना मध्येच वास घेतला तर तो आठवणीपासून पळण्याची वाट होतो, आणि मग दवणा नसेल तेव्हा आठवणीसमोर उभे राहता येत नाही. दवणा बैठक संपल्यावर द्यायचा. हे मला पटायला वेळ लागला, कारण वडील रडत असताना हाती असलेला उपाय खिशात ठेवणे फार कठीण आहे. पुढच्या बैठकीत आबांनी गाठीपर्यंतची हकिकत सांगितली, बाहेर येऊन रिक्षात बसले आणि मग म्हणाले, "आण आता."

१७ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीचे दहा दिवस नेम नीट झाला नाही. घरात उदबत्ती आणि धूप सतत असल्यामुळे नाक मरते आणि दवणा जाणवतच नाही. साउंड सिस्टिमच्या दणक्याने खिडकीच्या काचा हादरत, तेव्हा दवण्याचा काही उपयोग झाला नाही. आवाजाच्या धसक्यावर आत्याच्या घरी दोन दिवस राहणे हाच उपाय ठरला. उद्यापासून पुन्हा साडेआठची वेळ.

६ ऑक्टोबर, रविवार

खर्चाचा हिशेब मांडला. एकूण ३८४० रुपये गेले. त्यापैकी डिफ्यूझर, दोन्ही लव्हेंडर, वाळा आणि सिट्रोनेला मिळून २८४० रुपये वाया गेले; दवणा तेल, नळ्या आणि बाटल्या यांचे १००० रुपये कामी आले. जो वास खरोखर लागू पडला तो आत्याच्या ट्रंकेत होता आणि त्याला पैसे पडले नाहीत. पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी पहिला महिना काहीही विकत घेणार नाही, नुसती माणसाशी बोलेन.

सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आबा रात्री उंबऱ्याशी गेले ते चार वेळा. जूनमध्ये रोज जात. यात गोळ्यांचा वाटा किती, समुपदेशनाचा किती, पाऊस कमी झाल्याचा किती आणि दवण्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही आणि मी तसा दावा करणार नाही. म्हशीचा हंबरडा ऐकू येण्याचे स्वप्न अजून आठवड्यातून एकदा पडते.

१० नोव्हेंबर, रविवार

वाळलेल्या दवण्याची दीडच बाटली उरली आहे आणि नवा दवणा चैत्राशिवाय मिळणार नाही. आबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की दवणा थंडीचे पीक आहे, आता पेरला तर चैत्रापर्यंत हाताशी येईल. बी आत्याने मिळवले. ते इतके बारीक असते की श्वासाने उडते, म्हणून मूठभर वाळूत मिसळून गच्चीवरच्या दोन कुंड्यांत आबांनी स्वतः पेरले. मातीसाठी मी रोपवाटिकेतून तयार पिशवी आणली होती. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि "भुसा हाय नुसता" म्हणून बाजूला ठेवली. चिखलीच्या शेतातली माती आणायला त्यांनीच भाच्याला फोन केला. आली ती पुराच्या गाळाचीच माती होती. चाळणीने चाळताना मी आकडा विचारला. ३६, म्हणाले, आणि चाळत राहिले.

८ डिसेंबर, रविवार

पहिली पेरणी गेली. मुंग्यांनी बी उचलून नेले आणि एका कुंडीत पाणी साचून उरलेले कुजले. दुसऱ्यांदा पेरताना आबांनी कुंड्या पाणी भरलेल्या परातीत विटांवर ठेवल्या, तळाची भोके मोठी केली आणि पाणी झारीऐवजी ओल्या फडक्याने शिंपडले. आज अकरा रोपे मोजली, नखाएवढी. वास अजून नाही.